तडजोडभंग व दाव्याच्या खर्चाची वसुली

दिवाणी वाद उभय पक्षांनी परस्परसंमतीने मिटविला आणि पुढे त्यांपैकी एकाने ठरलेल्या अटी मोडल्या, म्हणजे दुसऱ्या पक्षास न्यायालयाची पायरी पुन्हा चढावी लागते. या दुसऱ्या खेपेचा खर्च, म्हणजे न्यायालय शुल्क, समन्स व इतर हुकमांच्या बजावणीचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता, वकिलाची फी, येण्याजाण्याचा व मुक्कामाचा खर्च कोणी सोसावा आणि तडजोडीच्या वेळी सोडून दिलेला पहिल्या खेपेचा खर्च परत मागता येतो किंवा नाही, हा दिवाणी कायद्यातील एक जुना प्रश्न आहे. महाराष्ट्रात त्याला काळाकाळाने निरनिराळी उत्तरे मिळत गेली. मराठेशाहीत तडजोड मोडणाऱ्याच्या दारातच खर्च उभा राहत असे. ब्रिटिश अमदानीपासून तो आधी तडजोड पाळणाऱ्याने भरावयाचा व मागाहून वसूल करावयाचा, अशी रीत पडली. या पालटाचा परिणाम आजही सोनपेठसारख्या (जि. परभणी) तालुक्याच्या गावातील पक्षकारास जाणवतो.

मराठेशाहीतील न्यायदान मुख्यतः गोतसभा, देशमुख-देशपांड्यांसह भरणारी मजालस आणि पंचायत यांच्याद्वारे होत असे. वाद सुनावणीस घेण्यापूर्वी वादी व प्रतिवादी यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला जाई. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचे पत्र असा अर्थ रूढ झाला आहे. त्या काळी मात्र पंच जो निवाडा करतील तो आपणांस राजीखुशीने मान्य आहे, अशी ती लेखी कबुली असे. ठरावाप्रमाणे न वागल्यास आपण दिवाणचे गुन्हेगार आणि गोताचे खोटे ठरू, अशा आशयाची ग्वाही तीत दिलेली असे. राजीनाम्याच्या जोडीला जामीनकतबा घेत. त्यात जामीनदार पक्षकाराच्या पुढील वर्तणुकीची हमी घेई. निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाकडून येजितखत, म्हणजे आपली बाजू खोटी ठरल्याची कबुली, लिहून घेतले जाई व जिंकलेल्यास निवाडपत्र अथवा महजर मिळे. देण्याघेण्याचा वाद आपसांत मिटला तर फारखत होई. वि. त्र्यं. गुणे यांनी या कागदपत्रांच्या आधारे मराठ्यांच्या न्यायपद्धतीचा अभ्यास करून तो १९५३ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यातून या व्यवस्थेची रचना बरीच स्पष्ट झाली.

जिंकलेल्या पक्षाने हरलेल्याकडून आपला दावाखर्च वसूल करावा, अशी आजच्या अर्थाची तरतूद या व्यवस्थेत दिसत नाही. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी भरी. दोन्ही रकमा सरकारजमा होत. ज्याचा हक्क खरा ठरला त्यालाही पैसे मोजावे लागत, ही गोष्ट आजच्या वाचकास विचित्र वाटेल. तथापि निवाड्याचा अगर समेटाचा भंग झाल्यावर जी तजवीज होती, ती पक्षकाराच्या दृष्टीने अधिक परिणामकारक होती. सरकारातून बाकीदाराच्या दारी मोहसल, म्हणजे वसुलीचा शिपाई, बसविला जाई व त्याचा मसाला बाकीदाराने द्यावयाचा असे. मसाला म्हणजे शिपायाच्या खर्चासाठी ज्याच्यावर तो पाठविला असेल त्याच्याकडून घेतली जाणारी रक्कम. स्वयंपाकघरातील मसाल्यापुढे या शब्दाचा हा अर्थ आता लोपला आहे. शिपाई जितके दिवस बसेल तितका मसाला चढे. म्हणजे टाळाटाळीचा प्रत्येक दिवस टाळाटाळ करणाऱ्यालाच महाग पडे. सावकारांचा खासगी तगादाही याच वळणाचा असे. दारात माणसे बसविणे, ऋणकोचे येणेजाणे अडविणे, प्रसंगी धरणे धरणे या रीतींचे वर्णन एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधीच्या १८१९ च्या अहवालात केले आहे.

या व्यवस्थेचे गुणगान मात्र मर्यादेतच केले पाहिजे. मोहसल बसविण्याइतके वजन ज्याला सरकारदरबारी होते त्यालाच तिचा लाभ होई. गरीब कुळाच्या बाजूने सावकाराच्या दारी शिपाई बसल्याची उदाहरणे शोधावी लागतील. तगाद्यात जुलूम होताच. शिवाय निवाड्याला अंतिमपणा नसे. हरलेला पक्ष थळ बदलून मागे, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे वाद नेण्याची परवानगी घेई. गोदाकाठचे पैठण हे असे एक प्रतिष्ठित थळ होते आणि दूरदूरचे वतनदार तेथील सभेपुढे आपले तंटे नेत. एकदा येजितखत लिहून दिलेला वतनाचा तंटा पुढच्या पिढीत पुन्हा उकरून काढल्याचे दाखले विपुल आहेत. या प्रत्येक फेरीचा प्रवास, पंचांचा पाहुणचार आणि साक्षीमोझ्याचा खर्च ज्याचा त्याच्या अंगावर पडे.

ब्रिटिश अमदानीत एल्फिन्स्टनने पंचायत टिकविण्याची इच्छा धरली होती व मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या विनियमांत लवादासाठी एक स्वतंत्र विनियम (सातवा) ठेवण्यात आला. परंतु त्याच विनियमसंग्रहाने नियमित न्यायालये, लेखी कैफियती आणि वकील यांचीही घडी बसविली व हळूहळू वादांचा ओघ तिकडे वळला. दाव्याचा खर्च हरणाऱ्याने जिंकणाऱ्यास द्यावा, हे इंग्लंडमधील तत्त्व याच मार्गाने येथे रुजले. इंग्लंडमध्ये त्याचे मूळ १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्यापर्यंत पोहोचते. अमेरिकेने उलट वाट धरली. तेथे सामान्यतः प्रत्येक पक्ष आपापल्या वकिलाची फी सोसतो आणि म्हणूनच करार मोडल्यास दुसऱ्याची वकील-फी द्यावी लागेल, असे कलम तेथील तडजोडपत्रांत आवर्जून घातले जाते. भारतात कायद्यानेच खर्च देवविण्याची सोय असल्याने असे कलम घालण्याची सवय पडली नाही. आणि कायद्याने मिळणारा खर्च प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने तुटपुंजा असल्याने त्या सोयीचाही पुरता उपयोग झाला नाही.

तडजोडीस न्यायालयीन रूप देण्याची तरतूद १८५९ च्या दिवाणी व्यवहार संहितेत प्रथम देशव्यापी स्वरूपात आली. दावा आपसांत मिटल्यास ती तडजोड नोंदवून तदनुसार निकाल द्यावा, असे तिच्या ९८ व्या कलमाने ठरविले. हेच कलम १८८२ च्या संहितेत ३७५ वे झाले व १९०८ च्या संहितेत आदेश २३, नियम ३ या रूपाने आले. दक्षिणेतील १८७५ च्या दंग्यांनंतर झालेल्या १८७९ च्या दक्षिणी शेतकरी साहाय्य कायद्याने त्यात एक लक्षणीय भर घातली. शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी समेट घडवून आणणाऱ्या सरकारनियुक्त मध्यस्थाकडे जाणे त्याने आवश्यक केले आणि तेथे झालेला करार न्यायालयात दाखल झाला म्हणजे त्याला हुकूमनाम्याचे बळ दिले. तडजोड मोडल्यावर नव्याने दावा लावण्याचा खर्च टाळावयाचा तर तडजोडीलाच हुकूमनामा केले पाहिजे, हे तत्त्व येथे स्पष्टपणे ओळखले गेले. पुढील शंभर वर्षांतील बऱ्याच सुधारणा याच तत्त्वाच्या आवृत्त्या आहेत.

सोनपेठ व परभणी जिल्ह्याचा बाकीचा मुलूख त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्याने हा कायदा तेथे लागू नव्हता. संस्थानाने ब्रिटिश हिंदुस्थानातील संहितेच्या धर्तीवर आपली स्वतंत्र संहिता केली होती. न्यायालयांचे कामकाज उर्दूत चाले. मुद्दई, मुद्दाअलेह, सुलहनामा, दरखास्त, तामील, खर्चा हे शब्द मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या तोंडी राहिले ते त्यामुळे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १ एप्रिल १९५१ पासून १९०८ ची दिवाणी संहिता व १८७२ चा करार कायदा हे दोन्ही तेथे लागू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर येथील अपिले हैदराबादऐवजी मुंबई उच्च न्यायालयाकडे जाऊ लागली. गोदावरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यास तडजोडभंगाच्या एखाद्या मुद्द्यासाठी मुंबई गाठावी लागणे म्हणजे वादविषयापेक्षा प्रवास महाग पडणे होते. उच्च न्यायालयाचे औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे कामकाज २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले, तेव्हा हा भार बराच हलका झाला. प्रवासाचा खर्च हुकूमनाम्यातील खर्चाच्या तक्त्यात कोठेच चढत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे महत्त्व पटते.

विद्यमान कायद्यात तडजोड मोडल्यानंतर खर्चाचे काय होते, हे तडजोड कोणत्या रूपात झाली यावर अवलंबून असते. सोनपेठ परिसरातील दोन भावांत सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या व बांधावरील वहिवाटीचा रस्ता यांसंबंधी दावा चालू आहे, असे उदाहरण घेतल्यास ही बाब समजणे सोपे जाईल. वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली, साध्या कागदावर अटी लिहिल्या आणि वादीने दावा बिनशर्त काढून घेतला, तर तीच सर्वांत धोक्याची तडजोड होय. बिनशर्त काढून घेतलेला दावा त्याच कारणावरून पुन्हा लावता येत नाही (आदेश २३, नियम १). धाकट्याने पाळी अडविली तर थोरल्याच्या हाती फक्त तो कागद उरतो. त्या करारावर नवा दावा, नवे न्यायालय शुल्क आणि पुराव्याची सगळी पायपीट त्याला करावी लागते. पहिल्या दाव्यात झालेला खर्च नव्या दाव्यात नुकसानभरपाई म्हणून मागण्याकडे न्यायालयांचा कल नाही, कारण दाव्याचा खर्च ही त्या त्या दाव्यात संहितेच्या ३५ व्या कलमाखाली ठरवावयाची बाब मानली जाते.

याउलट उभयतांनी सह्या करून तडजोडीची पुरसीस न्यायालयात दिली व तिच्याप्रमाणे हुकूमनामा झाला, तर नवा दावा लागत नाही, दरखास्त पुरते. १९७६ च्या दुरुस्ती अधिनियमाने (१ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात) तडजोड लेखी व सह्यांनिशी असावी असे बंधन घातले. मूळ दाव्याबाहेरच्या बाबीही तीत आणण्यास मुभा दिली. आणि तडजोड बेकायदेशीर होती असे म्हणून हुकूमनामा रद्द करण्यासाठी वेगळा दावा लावण्यास मनाई केली (नियम ३-अ). दरखास्तीस सामान्यतः बारा वर्षांची मुदत असून कायमच्या मनाई हुकमाच्या अंमलबजावणीस मुदतीचे बंधन नाही. दरखास्तीचा खर्च वसुलीच्या रकमेत मिळविता येतो. रस्ता मोकळा करून देण्याची अट मोडली गेल्यास आदेश २१, नियम ३२ प्रमाणे न्यायालय ते काम डिक्रीदाराकडून अथवा नेमलेल्या व्यक्तीकडून करवून घेऊ शकते व त्याचा खर्च जणू हुकूमनाम्यातीलच रक्कम असल्याप्रमाणे मोडणाऱ्याकडून वसूल करता येतो. अटी मोडणाऱ्याच्या अंगावर थेट खर्च टाकणारी संहितेतील ही तरतूद जुन्या मसाल्याची आठवण करून देते. मात्र वकील ती क्वचितच वापरतात. मनाई मोडल्याबद्दल जप्ती व कैद मागण्याकडेच त्यांचा ओढा असतो.

कैदेच्या बाबतीत तर जुनी रीत अगदी उलटी झाली आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी ऋणकोस दिवाणी तुरुंगात ठेवावयाचे तर त्याच्या निर्वाहाचा भत्ता डिक्रीदाराने आगाऊ न्यायालयात भरावा लागतो (आदेश २१, नियम ३९). हा भत्ता दाव्याचा खर्च म्हणून धरला जातो हे खरे, पण त्या रकमेपोटी ऋणकोस अडकवून ठेवता येत नाही. मोहसलाच्या काळी बाकीदार शिपायाला पोशी. आता धनको बाकीदाराला पोशितो. निष्कांचन ऋणकोस कैदेत टाकू नये, या मानवी विचारातून कायदा येथवर आला आणि तो विचार योग्यच आहे. मात्र ऐपत असून तडजोड मोडणाऱ्याच्या बाबतीत त्याचा भार भलत्याच खांद्यावर पडतो.

तडजोडीच्या पुरसिशीत बहुधा अखेरचे वाक्य खर्च ज्याचा त्याने सोसावा, असे असते. समेटाच्या भरात ते लिहिले जाते व त्याचा परिणाम कोणी मोजत नाही. अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयास हुकूमनाम्याच्या पलीकडे जाता येत नाही. म्हणून पुढे अटी मोडल्या गेल्या तरी सोडून दिलेला मूळ दाव्याचा खर्च आपोआप पुन्हा उभा राहत नाही. अटी पाळल्या तरच खर्च माफ, न पाळल्यास अमुक इतका खर्च देय, असे तडजोडीत नमूद केलेले असेल तरच तो मागता येतो. त्यातही एक कसोटी आहे. समजा ८०,००० रुपयांचे खरे देणे असून धनकोने ६०,००० वर समाधान मानले आणि हप्ता चुकल्यास पूर्ण ८०,००० द्यावे असे ठरले, तर ते कलम दंडाचे नाही. दिलेली सवलत काढून घेण्याचे आहे आणि न्यायालय ते जसेच्या तसे अमलात आणते. देणे ६०,००० चेच असून हप्ता चुकल्यास एक लाख द्यावे असे लिहिले, तर तो दंड होय. मग करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे वाजवी भरपाईपुरतीच रक्कम मिळते; लिहिलेला आकडा ही तिची फक्त कमाल मर्यादा ठरते. सर्वोच्च न्यायालयाने ७४ व्या कलमाचा हा अर्थ १९६३ मध्ये फतेचंद खटल्यात विशद केला. सवलत व दंड यांतील भेद संमतीच्या हुकूमनाम्यासही लागू आहे, हे मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने १९९३ मध्ये पुन्हा सांगितले. खर्चाची माफी ही सवलत आहे, अशी शब्दयोजना असलेली पुरसीस त्यामुळे टिकते. मोघम दंडाची टिकत नाही.

खर्च मिळू शकतो हे ठरल्यावरही तो किती मिळतो, हा प्रश्न राहतो. ३५ व्या कलमाप्रमाणे खर्च देवविणे हा न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे. तो निकालाच्या मागोमाग जावा हा सामान्य नियम असून तसे न केल्यास कारणे लिहावी लागतात. परंतु वकिलाची फी ठरावीक दरपत्रकाने मोजली जाते व पक्षकाराने प्रत्यक्षात दिलेल्या फीशी तिचा मेळ क्वचितच बसतो. खोट्या अथवा त्रासदायक दाव्याबद्दल व बचावाबद्दल भरपाई देवविणारे ३५-अ हे कलम १९२२ मध्ये आले. तिची मर्यादा प्रथम १,००० रुपये होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती ३,००० झाली आणि सर्वसाधारण दाव्यांत ती तेथेच थांबली. त्याच दुरुस्तीने ३५-ब कलम घालून विलंब करणाऱ्यावर खर्च बसविण्याची सोय केली. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने, पक्षकाराचा गेलेला वेळ, प्रवास व मुक्काम यांसह प्रत्यक्ष व वाजवी खर्च दिला जावा, असे म्हटले. मात्र २०११ मध्ये दिल्लीतील एका खटल्यात उच्च न्यायालयाने सुमारे ४५ लाख रुपयांचा प्रत्यक्ष खर्च देवविला असता सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही; नियमांत बसेल तेवढाच खर्च देता येतो, नियम अपुरे असतील तर ते बदलले पाहिजेत, असे सांगून ३५-अ ची मर्यादा वाढविण्याची सूचना केली. पुढे २०१५ च्या वाणिज्य न्यायालय अधिनियमाने ३५ वे कलम नव्याने घडविले व ३५-अ ची मर्यादा काढून टाकली, पण केवळ ठरावीक मूल्याच्या वाणिज्य वादांपुरती. मोठ्या व्यापाऱ्यास प्रत्यक्ष खर्च मागता येतो. विहिरीच्या पाळीसाठी भांडणाऱ्या शेतकऱ्यास दरपत्रकावर भागवावे लागते. या भेदाचे समर्थन करणे कठीण आहे, कारण खर्चाने मोडून पडण्याचा संभव दुसऱ्याच्याच बाबतीत अधिक.

न्यायालयाच्या बेअदबीची कारवाई हा तडजोडभंगावरील आणखी एक इलाज. न्यायालयास दिलेली हमी हेतुपुरस्सर मोडणे ही १९७१ च्या अधिनियमाप्रमाणे दिवाणी बेअदबी ठरते. निव्वळ संमतीचा आदेश म्हणजे हमी नव्हे, असे १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. पुढे मुंबईतील एका उद्योजक घराण्याच्या वादात (२००६) संमतीच्या आदेशाची बुद्धिपुरस्सर अवज्ञाही बेअदबी होऊ शकते, अंमलबजावणीचा मार्ग खुला असणे हा तिला अडसर नाही, अशी भूमिका घेण्यात आली. या कारवाईचा दबाव मोठा असला, तरी तिच्यातून खर्च हाती येईलच असे नाही.

लोकन्यायालयाची व्यवस्था १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमाने (९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात) कायम स्वरूपाची झाली. तेथील निवाडा हुकूमनामा मानला जातो, त्यावर अपील नाही आणि प्रलंबित दाव्यात भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. पहिल्या खेपेचा निदान एक खर्च अशा रीतीने सरकारकडून भरून निघतो व पुढे भंग झाल्यास थेट दरखास्त करता येते. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्यातून गावोगावच्या समित्यांपुढे समेट घडू लागले. जुन्या गोतसभेशी त्यांचे साम्य वरकरणी पुष्कळ आहे. मात्र समितीपुढील समेटाला जामीनकतबा नाही, मोहसल नाही आणि आपोआप हुकूमनाम्याचे बळही नाही. तो लोकन्यायालयात अथवा चालू दाव्यात नोंदविला तरच मोडणाऱ्यावर खर्चासह अंमलबजावणी करता येते. २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमात मध्यस्थामार्फत झालेल्या लेखी समेटास हुकूमनाम्याप्रमाणे अंमलबजावणीयोग्य करण्याची तरतूद असून फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी यांसारख्या मोजक्या कारणांवरूनच त्यास आव्हान देता येते. त्या अधिनियमाची काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली.